व्हिएतमिन्ह आणि त्याचे शत्रू : सायगाव, १९४५-४६

व्हिएतनामच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास सांगताना आधी फ्रेंच आणि मग अमेरिकन अशी शत्रूंची सरळ क्रमवारी लावण्याचा प्रघात आहे. १९४५ च्या सप्टेंबरपासून काही महिने सायगावात जे घडले, ते या क्रमवारीत बसत नाही. तेथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील व्हिएतमिन्हविरुद्ध फ्रेंच, इंग्रज व शरण आलेले जपानी एकत्र उभे होते. आणि इंग्रजांचे म्हणून जे सैन्य होते, ते मुख्यतः हिंदी व गुरखा शिपायांचे होते.

व्हिएतनामी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना १९३० च्या फेब्रुवारीत हाँगकाँग येथे झाली. त्याच वर्षी न्घे आन व हा तिन्ह या प्रांतांत शेतकऱ्यांनी उठाव करून गावोगावी सोव्हिएत स्थापन केली. फ्रेंचांनी तो उठाव विमानांतून बाँब टाकून मोडला. मे १९४१ मध्ये चिनी सरहद्दीजवळच्या पाक बो येथे हो ची मिन्ह यांनी पक्षाची बैठक घेतली आणि व्हिएतमिन्ह ही संयुक्त आघाडी उभारली. सर्व जमीनदारांच्या जमिनी काढून घेण्याचा कार्यक्रम तेव्हा बाजूला ठेवण्यात आला. फ्रेंच वसाहत सरकार व त्याच्या डोक्यावर बसलेले जपानी लष्कर एवढेच शत्रू ठरवून बाकी सर्वांना जवळ करावे, असे धोरण ठरले. पक्षाच्या पुढील यशाचे बरेचसे मूळ या एका निर्णयात आहे, असे म्हणावे लागेल. १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तरेत लाखो माणसे मेली. मृतांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. त्या काळात भाताची कोठारे फोडणारी संघटना म्हणून व्हिएतमिन्ह खेड्यांत पोचले.

जपानने शरणागती पत्करताच व्हिएतमिन्हने सत्ता हाती घेतली व २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु दोस्त राष्ट्रांनी जुलैमध्येच सोळाव्या अक्षांशावर देशाची वाटणी ठरविली होती. उत्तरेत जपान्यांची शस्त्रे चँग कै शेकच्या सैन्याने काढून घ्यावीत, दक्षिणेत इंग्रजांनी.

जनरल डग्लस ग्रेसी १३ सप्टेंबर रोजी सायगावला उतरले. त्यांच्या हाताखालची २० वी हिंदी डिव्हिजन आदल्या वर्षी इंफाळच्या रणभूमीवर जपान्यांशी झुंजली होती. स्वागताला आलेल्या व्हिएतमिन्ह प्रतिनिधींशी बोलणी करण्यास ग्रेसींनी नकार दिला. २१ तारखेच्या जाहीरनाम्याने मिरवणुका, सभा व लाठ्याकाठ्या बाळगण्यावरही बंदी घातली. मग जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या हजाराहून अधिक फ्रेंच सैनिकांना शस्त्रे देण्यात आली. २३ च्या पहाटे त्यांनी पोलीस ठाणी, टपाल कचेरी व नगरभवन ताब्यात घेतले. रस्त्यांवर व्हिएतनामी लोकांना मारहाण झाली. या धुमाकुळाने ग्रेसीही संतापले व त्यांनी त्या सैनिकांना पुन्हा बराकीत धाडले, पण व्हायचे ते होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सार्वत्रिक संप झाला आणि त्या रात्री एका फ्रेंच वस्तीवर हल्ला होऊन स्त्रिया व मुलांसह दीडशेच्या आसपास माणसे मारली गेली. स्वातंत्र्याच्या न्याय्य मागणीने या हत्याकांडावर पांघरूण पडत नाही.

मनुष्यबळ अपुरे म्हणून ग्रेसींनी जपानी पलटणींनाच शस्त्रांसह व्हिएतमिन्हविरुद्ध उतरविले. ज्यांना निःशस्त्र करावयाचे, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून लढण्याची वेळ हिंदी शिपायांवर आली. याच सायगावहून १७ ऑगस्ट रोजी सुभाषचंद्र बोस अखेरच्या विमानप्रवासाला निघाले होते आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. परक्यांचे स्वातंत्र्य दडपण्यास हिंदी सैन्य वापरले जात असल्याबद्दल जवाहरलाल नेहरूंनी जाहीर निषेध केला. सायगावातील हिंदी वस्तीची अडचण निराळी होती. तेथील चेट्टियार सावकारांकडे अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी गहाण पडल्या होत्या. तमिळ मुसलमान व्यापारीही पिढ्यान्‌पिढ्या तेथे होते व शहराच्या मध्यभागी हिंदी मुसलमानांनी १९३५ मध्ये मशीद बांधली होती.

शत्रू केवळ परकेच नव्हते. दक्षिणेत काओ दाई व होआ हाओ हे पंथ आणि ट्रॉट्स्कीवादी गट यांचाही जोर होता. ट्रॉट्स्कीवादी नेते ता थू थाऊ यांना व्हिएतमिन्हच्या लोकांनी १९४५ मध्येच ठार केले. होआ हाओ पंथाचे संस्थापक हुइन्ह फू सो १९४७ मध्ये मारले गेले. फ्रेंचांना पुढे दक्षिणेत जे स्थानिक साथीदार मिळाले, त्यांतले कित्येक या हत्यांनी तिकडे ढकलले गेले. उलट काही जपानी सैनिक पळून व्हिएतमिन्हला मिळाले व त्यांनी नव्या सैन्याला कवायत शिकविली.

उत्तरेत हो ची मिन्ह यांनी वेगळी वाट धरली. चिनी सैन्य जावे म्हणून त्यांनी ६ मार्च १९४६ च्या करारान्वये फ्रेंचांना मर्यादित काळासाठी परत येऊ दिले. स्वपक्षीयांनाही हे पचविणे जड गेले. दक्षिणेतील बहुतेक हिंदी सैन्य तोपर्यंत माघारी निघाले होते व सायगाव फ्रेंचांच्या हाती होते. नोव्हेंबरात फ्रेंच आरमाराने हायफाँगवर तोफा डागल्या आणि १९ डिसेंबरला हनोईत युद्ध पेटले. २१ जानेवारी १९४७ रोजी कलकत्त्यात ‘व्हिएतनाम दिन’ पाळणाऱ्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला.