डोंगर नसलेल्यांचा डोंगर

ट्रायथलॉनमध्ये चढाचा सायकल-टप्पा आहे आणि आपण राहतो सपाटीला. मग सराव कुठे करायचा? मला उत्तर सापडलं नेदरलँड्सच्या इतिहासात.

तिथलं सर्वात उंच टेकाड, वाल्सरबर्ग, जेमतेम ३२२ मीटर. तरीही फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या २१ वळणांच्या चढावर ‘टूर द फ्रान्स’चे जे पहिले १४ टप्पे संपले, त्यातले ८ डच सायकलपटूंनी जिंकले. १९७६ मध्ये योप झूटेमेल्कने सुरुवात केली, आठवा विजय १९८९ चा. लोक त्याला चक्क ‘डच डोंगर’ म्हणू लागले!

डोंगर नव्हता, पण वारा होता. समोरच्या वाऱ्यात पायडल थांबलं की सायकल रेंगाळते, अगदी चढासारखी. नुसत्या वाऱ्याने कुणी जिंकत नाही, हे खरं. पण न थांबता जोर लावत राहायची सवय सपाटीवरही लागते. तेव्हा उद्या वारा समोरून आला, तर मागे वळू नका.