राक्षसाच्या पोटात कोणी पाठवलं? : तुलना कशी करायची, याबद्दल थोडंसं

पेटची तयारी चालू आहे, विषय जवळपास पक्का झालाय, आराखड्यात तुम्ही मोठ्या उत्साहानं ‘तुलनात्मक अभ्यास’ असं लिहिलंय. मुलाखतीत समोरून प्रश्न येतो, “तुलनेतून काय मिळणार?” काय उत्तर द्याल?

बरेच जण इथे अडखळतात. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की एकीतून दुसरी निघाली असं म्हणून आपण मोकळे होतो. पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. मग तुलना करायची कशासाठी? आज हे एका पोरकट वाटणाऱ्या उदाहरणावरून पाहू. महाकाय राक्षसानं गिळलेल्या माणसांसमोर कोणते धोके असतात?

उदाहरण कुठून आलं ते आधी सांगते. टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग गेम तुम्हाला माहीत असतील. एक जण गेम मास्टर होतो, जग आणि संकटं रचतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं निर्णय घेतात, आणि काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात. या प्रकारातला पहिला गाजलेला खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ सालचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. सांगवीत आमचाही असा एक गट आहे. दोघं-तिघं भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला आहेत, गेम मास्टर मी. एका भागासाठी मला राक्षसाच्या पोटाचा नकाशा करायचा होता, म्हणून जुनी साधनं काढून बसले. प्रत्येक साधनाला तीनच प्रश्न विचारायचे ठरवले. आत कसं शिरतात? आत धोका कशाचा? बाहेर कसं पडतात?

पहिलं साधन आपल्या घरचंच आहे, अघासुराची गोष्ट. भागवताच्या दशम स्कंधात बाराव्या अध्यायात ती येते. मराठीत श्रीधरांच्या ‘हरिविजया’नं ती घराघरांत नेली. कंसानं पाठवलेला अघासुर योजनभर लांब अजगर होऊन वाटेत पडून राहतो. खालचा ओठ जमिनीला, वरचा ढगांना. दात म्हणजे डोंगराची शिखरं, जीभ म्हणजे रुंद रस्ता, श्वास म्हणजे गरम वारा. गोपाळांची पोरं म्हणतात, ही जागा अगदी अजगराच्या तोंडासारखी दिसते! आणि टाळ्या वाजवत, हसत आत जातात. वासरंही जातात. म्हणजे इथे कोणी झडप घालत नाही. धोका दिसतो, तो ओळखीचाही वाटतो, तरी सगळे एकामागोमाग आत शिरतात. अघासुर तोंड मिटत नाही, कारण त्याला कृष्ण आत यायला हवाय. शेवटी कृष्ण आत जातो, गळ्यात वाढत जातो, अजगराचा श्वास कोंडतो आणि प्राण टाळू फोडून निघतात. निपचित पडलेली पोरं उठून तोंडातूनच बाहेर येतात. पुढे वाळलेलं ते धूड कितीतरी दिवस व्रजातल्या लोकांची खेळायची गुहा होतं.

दुसरं साधन वाल्मीकी रामायण. सुंदरकांडात सुरसा तोंड पसरत जाते आणि हनुमान अंगठ्याएवढा होऊन आत जाऊन लगेच बाहेर येतो. सिंहिकेच्या तोंडात तो मुद्दाम शिरतो आणि आतून मर्मावर घाव घालतो. युद्धकांडात कुंभकर्ण वानरांना तोंडात टाकतो तर ते नाका-कानांतून बाहेर पडतात. इथे शरीर म्हणजे अनेक दारं असलेली इमारत झाली, आणि सुटका आकारावर आणि चपळाईवर ठरते.

तिसरं साधन दूरचं आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशिअन नावाच्या लेखकानं ग्रीक भाषेत एक प्रवासकथा लिहिली. नाव ‘खरी गोष्ट’, आणि सुरुवातीलाच कबुली की यातलं काहीही खरं नाही! त्यात एक देवमासा अख्खं जहाज गिळतो. आत जमीन आहे, झाडी आहे, सत्तावीस वर्षं अडकलेला एक म्हातारा आणि त्याचा मुलगा आहे, शत्रुत्व करणाऱ्या टोळ्याही आहेत. शेवटी हे लोक आतल्या जंगलाला आग लावतात. मासा मरायला लागतो तेव्हा कुठे लक्षात येतं की तोंड मिटलं तर आपण त्याच्या प्रेतात कायमचे अडकू. मग मोठाले वासे लावून ते जबडा उघडा ठेवतात. नकाशा करणाऱ्यानं टिपून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. राक्षस मेला म्हणजे सुटका झाली असं नाही.

चौथं साधन म्हणजे खुद्द खेळाचं नियमपुस्तक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत पर्पल वर्म नावाची महाकाय अळी आहे. तिनं गिळलं की पात्राला दिसत नाही, हलता येत नाही, आणि अळीच्या प्रत्येक पाळीला सहा फाशांच्या बेरजेइतकी आम्लाची इजा होते. आतून एकाच पाळीत ३० किंवा जास्त इजा केली तर अळी ओकण्याची शक्यता तयार होते. अळी मेली तर थोडं सरपटून बाहेर पडता येतं. सगळं आकड्यांत. आत शिरणं म्हणजे फसलेला बचाव, धोका म्हणजे आम्ल, सुटका म्हणजे मारामारी.

इथवर नकाशा छान जमत होता. मी गटाला कच्चा आराखडा दाखवला तेव्हा कारखान्यातल्या एकानं हसत विचारलं, “पण वर्क परमिट कोणी काढलं?” त्याच्या रोजच्या भाषेत राक्षसाचं पोट म्हणजे कन्फाइन्ड स्पेस, बंदिस्त जागा. टाकी, बॉयलर, मोठा पाइप. त्यानं मला पाचवं साधन दिलं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३६.

हे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्यानं जरूर वाचावं. घातक वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात, पाइपात किंवा धुराड्यात बाहेर पडायला पुरेसं मोठं मॅनहोल किंवा दुसरी परिणामकारक वाट असल्याशिवाय कोणालाही जायला लावू नये आणि जाऊही देऊ नये, असं ते सांगतं. पुढे आणखी अटी आहेत. हवा तपासून जाणकार माणसानं लेखी दाखला द्यावा. नाहीतर आत जाणाऱ्यानं श्वसनाचं साधन लावावं आणि कमरेला पट्टा बांधावा. त्या पट्ट्याच्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं.

आता आपले तीन प्रश्न पुन्हा विचारा. धोका कशाचा? हवेचा, म्हणजे न दिसणारा. बाहेर कसं पडायचं? हे तर आत जायच्या आधीच ठरलेलं हवं. आणि आत कसं शिरतात? इथे कलमाची क्रियापदं बघा, ‘लावू नये’, ‘जाऊ देऊ नये’. आधीच्या चारही साधनांत माणूस भुलून जातो, लढायला जातो किंवा गिळला जातो. कलमातला माणूस यातलं काहीच करत नाही. तो पाठवला जातो. त्याला तिथे काम आहे.

तुलनेनं हातात दिलं ते हे. एक चौथा प्रश्न. आत कोणी पाठवलं? हा मी घरून घेऊन निघाले नव्हते, साधनं शेजारी ठेवल्यावर तो दिसला. आणि तो घेऊन मागे गेलात की जुनी साधनंही वेगळी वाचता येतात. अघासुराला कंसानं पाठवलं हे भागवत स्पष्ट सांगतं, पोरांना मात्र कोणीच पाठवलेलं नाही. नियमपुस्तकात हा प्रश्नच नाही, तो गेम मास्टरवर सोडलाय.

मुलाखतीत विचारलं तर हेच सांगा, की तुलनेतून नवा प्रश्न मिळतो. अघासुराच्या गोष्टीतून कलम ३६ निघालं असं म्हणणं हास्यास्पद आहे, ते कोणी म्हणणार नाही. पण ‘आपल्या पुराणांत हे सगळे खेळ आधीच होते’ हे वाक्य त्याच जातीचं आहे, आणि ते आपण सहज लिहून जातो. नातं सांगायचं तर मधल्या कड्या दाखवा. कोणी वाचलं, कुठे छापलं, कोणाकडून कोणाकडे गेलं. कड्या नसतील तर ‘साम्य’ एवढंच लिहा. आणखी एक. कायद्यात दुरुस्त्या होतात, नियमपुस्तकाच्या आवृत्त्या बदलतात, पोथीच्या प्रती वेगळ्या असतात. तुम्ही कोणती प्रत वाचली ते नोंदवा.

हा चौथा प्रश्न नुसता खेळापुरता नाही. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी केली. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून अशा कामात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली. तरी अशा बातम्या येतातच. एक उतरतो, वर येत नाही, त्याला काढायला दुसरा उतरतो. पोरांमागून वासरं, तसंच. बातमीत मृतांची नावं असतात, विषारी वायूचा उल्लेख असतो. उतरायला कोणी सांगितलं आणि दोर कोणाच्या हातात होता, हे मात्र शोधावं लागतं. श्रमाचा, शहराचा किंवा उद्योगांचा इतिहास करणार असाल तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या विषयातली तीन अगदी न जुळणारी साधनं घ्या. एक कथा, एक सरकारी कागद, एक रोजच्या वापरातली वस्तू किंवा खेळ. कागदावर रकाने आखा आणि तिन्हींना तेच तीन प्रश्न विचारा. उत्तरं भरून झाली की एक रकाना रिकामा ठेवा. एखादं साधन तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ लागलं की तो प्रश्न त्या रकान्याच्या डोक्यावर लिहा, आणि बाकीच्या दोघांना विचारा. आराखड्यातलं ‘संशोधनाचा प्रश्न’ हे शीर्षक तुम्ही अजून कोरं सोडलं असेल, तर बहुधा तिथे लिहायचं वाक्य तुम्हाला याच रकान्यात सापडेल.