हंसपदिकेचे गाणे कोणाचे?

मराठीतल्या जाणकार मंडळींत एक मत इतके स्थिरावले आहे की ते केवळ मत आहे याचाही विसर पडावा. ते असे: आवडते गाणे वेगळे आणि चांगले गाणे वेगळे. गाण्याचा अर्थ त्याच्या शब्दांत, चालीत आणि फार तर कवीच्या मनात असतो. ते ऐकताना कोणाला वारलेले वडील आठवतात, कोणाला सुटलेले गाव. पण ती ज्याची त्याची खासगी बाब. ती गाण्याला बाहेरून चिकटलेली असते. रसिकाने ती बाजूला सारून गाणे ऐकावे, समीक्षकाने तर तिची दखलही घेऊ नये. 'स्मरणरंजन' असा शिक्का मारला की प्रकरण निकालात निघते.

हे मत मला मान्य नाही. मराठी भावगीत घराघरांत जिवंत ठेवले ते ज्यांनी 'हे माझे गाणे' असे म्हटले त्यांनी. त्यांना अज्ञ ठरवून बाहेर बसवणे मला सोसवत नाही. मात्र प्रतिपक्ष दुबळा नाही. त्याची बाजू आधी त्याच्याच ताकदीने मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

प्रतिपक्षाचा पहिला आधार कलेच्या स्वायत्ततेचा आहे. व्हिएन्नाचा संगीतसमीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने १८५४ साली असे प्रतिपादन केले की गतिमान स्वराकृती हाच संगीताचा आशय आहे. आपल्याच भावनांत बुडून ऐकणे ही ऐकण्याची विकृती. आपल्याकडे मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. त्या विचारात वाढलेल्या समीक्षेला श्रोत्याचे आयुष्य कलाकृतीच्या हद्दीबाहेरचे वाटले, यात नवल नाही. दुसरा आधार याहून वजनदार आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आणि त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' स्पष्टपणे घातला. आपल्याच सुखदुःखाने विवश झालेला माणूस रस घेऊ शकत नाही. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या आचार्याने दिलेला हा निर्णय प्रतिपक्षाच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र आहे. तिसरा आधार आधुनिक मानसशास्त्राचा: माणसाला कुमारवयातल्या आणि ऐन तारुण्यातल्या आठवणी सर्वांत दाटीने राहतात, म्हणून त्या काळात कानावर पडलेली गाणी प्रिय होतात. दुसरी पडली असती तर दुसरी झाली असती. म्हणजे श्रेय वयाचे, गाण्याचे नव्हे.

आता एकेक आधार तपासू.

हान्सलिकची साक्ष या खटल्यात चालतच नाही. केवळ वाद्यसंगीत हेच निखळ संगीत, असे त्याने स्वतःच बजावले होते. शब्दांसह येणारे गाणे त्याने आपल्या सिद्धान्ताचा पाया म्हणून घेतलेच नाही. मग जे गाणे शब्दांवाचून उभेच राहत नाही, त्या भावगीताला त्याचा कायदा कसा लावायचा? मर्ढेकरांचे म्हणाल, तर कवितेतल्या परस्परांहून वेगळ्या गोष्टी एकमेकींशी जोडल्या जातात त्या भावनेच्या सारखेपणाने, हे सांगणारी 'भावनानिष्ठ समतानता' त्यांचीच. हा सारखेपणा ओळखणारा कोण? श्रोता. आणि तो ओळखायला लागणारी भावना त्याने आणली कुठून?

पण खरी लढत अभिनवगुप्ताशी आहे, किंवा त्याच्या नावाने उभे केलेल्या मताशी. विघ्नांची यादी देऊन तो थांबत नाही. प्रत्येक विघ्नाचा परिहारही सांगतो, आणि प्रतिपक्ष नेमके तेवढेच वाचायचे टाळतो. आपल्या सुखदुःखात अडकलेल्या प्रेक्षकावर त्याने उपाय कोणता सांगितला? वाद्ये, गायन, सजवलेला रंगमंडप. म्हणजे ज्याच्या मनात स्वतःचे दुःख दाटले आहे त्याला दाराबाहेर थांबवा, असे आचार्य म्हणत नाही. त्याला गाणे ऐकवा, असे म्हणतो. दुःख घेऊन आलेला माणूस गाण्याचा अपात्र श्रोता तर नव्हेच, गाण्याची योजनाच त्याच्यासाठी आहे. विघ्न म्हटले आहे ते विवशतेला. आयुष्य असण्याला नव्हे. उलट, मनात वासना म्हणजे पूर्वसंस्कार नसतील तर रसच संभवत नाही, ही तर या परंपरेची पायाभूत भूमिका. वासना नसलेले प्रेक्षक नाट्यगृहातल्या लाकडासारखे, भिंतीसारखे, दगडासारखे, असे एक जुने वचन विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त उद्धृत केले आहे. आयुष्य पुसून गाणे ऐका म्हणणाऱ्यांना हाच श्रोता हवा आहे काय?

यावर प्रतिपक्ष एक चांगली हरकत घेईल. वासना सर्वांना समान असते, ती कोणा एकाची खासगी आठवण नव्हे. हरकत योग्य आहे. तिचे उत्तर अभिनवगुप्ताने स्वतः उदाहरणासाठी निवडलेल्या प्रसंगातच आहे.

'शाकुंतला'चा पाचवा अंक. आत हंसपदिका गाते आहे. राजाने एकदा प्रेम केले आणि मग वसुमती राणीच्या नादात तो आपल्याला विसरला, अशी तिची तक्रार. दुष्यंताला हा अर्थ पुरता कळतो. तो विदूषकाला तसे सांगतो, तिची समजूत घालायला त्याला धाडतोही. गायिकेचा हेतू कळला, अर्थ लागला, काम संपले. प्रतिपक्षाच्या हिशेबाने ऐकणे इथे पूर्ण झाले. कालिदासाच्या हिशेबाने ते इथे सुरू होते. कारण विदूषक निघून गेल्यावर राजा अस्वस्थ होतो. कोणा प्रियजनाचा विरह नसताना हे गाणे आपल्याला इतके व्याकूळ का करते, हे त्याला उमगत नाही, आणि जन्मांतरीची काही स्नेहबंधने मनात जागी होत असावीत, असे तो स्वतःला समजावतो. ती आठवण तार्किकांच्या व्याख्येतली नव्हे, असे अभिनवगुप्त म्हणतो. मान्य. पण कालिदासाने त्या राजाच्या मनात दडवून ठेवले आहे ते काय? एक विशिष्ट स्त्री, एक विशिष्ट आश्रम, शापाने झाकलेले एक विशिष्ट वचन. हंसपदिकेला शकुंतलेचे नावही ठाऊक असल्याचे नाटकात कुठे दिसत नाही. तरी त्या क्षणी तिच्या गाण्याचा सर्वांत खरा अर्थ शकुंतला हाच आहे, आणि ते प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळते. तक्रारीचा अर्थ चुकीचा नाही. तो अपुरा आहे. गाण्याने गायिकेच्या हेतूपलीकडे जाऊन श्रोत्याच्या आयुष्यातले सत्य शोधून काढले. यालाच 'बाहेरून चिकटलेले' म्हणायचे काय?

कवीच्या हेतूचा मुद्दा आपल्याच गाण्यांवर घासून पाहू. 'इंद्रायणी काठी' हे गाणे गदिमांनी लिहिले ते 'गुळाचा गणपती' या १९५३ सालच्या विनोदी चित्रपटासाठी. संगीत पु. ल. देशपांड्यांचे, आवाज भीमसेन जोशींचा. आज कितीतरी भाविक ते संतांचा अभंग समजून डोळे मिटून ऐकतात, भजनात म्हणतात. त्यांना अडवून 'हे चित्रपटातले गीत आहे' असे सांगितले तर माहितीची चूक दुरुस्त होईल. त्यांची भक्ती चूक ठरेल? गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले. एकूण ५६ गीते. त्यातले 'पराधीन आहे जगती' हे चित्रकूटावर श्रीरामाने भरताला सांगितलेले. भावाने राज्य घेऊन परतावे म्हणून केलेला तो युक्तिवाद आहे. पण मराठी घरांत मृत्यू झाल्यावर हे गीत ज्यांनी लावले, त्यांनी अयोध्येच्या गादीचा प्रश्न सोडवायला लावले नव्हते. पितृशोकात बुडालेल्या भरताच्या जागी त्यांनी स्वतःला बसवले. गीताने ती जागा मोकळी ठेवली होती म्हणून बसवता आले.

तिसऱ्या आधाराकडे, म्हणजे वयाकडे, फार वेळ थांबण्याचे कारण नाही. तारुण्यात गाणी कानावर पडतात ती शेकड्याने. त्याच रेडिओवर, त्याच वर्षी, त्याच माणसाने ऐकलेल्या शेकड्यांतली चारदोनच आयुष्यभर सोबत येतात. वय सर्वांना सारखेच लागू होते. मग निवड कोणी केली? वयाचा सिद्धान्त गाणी रुजण्याचा हंगाम सांगतो. अमुकच गाणे का रुजले, हे सांगत नाही.

इथे मला एक गाणे जवळून पाहू द्या. शांता शेळके यांचे 'जिवलगा', हृदयनाथ मंगेशकरांची चाल, आशा भोसले यांचा आवाज. दूर राहिलेले घर, थकलेली पावले, डोक्यावरचे ओझे, दाटून येणारी सांज, सराईची मिटलेली दारे. कोणी ते प्रेमगीत मानतात, कोणी जिवाने परमात्म्याला घातलेली साद. दोन्ही पक्षांत जिवलग कुठेतरी जवळ आहे, असे गृहीत धरलेले असते. मला हे गाणे ऐकताना माझी एक आत्या दिसते. तिचे यजमान मुंबईच्या गिरणीत. आठवडी बाजार करून ती डोक्यावर पाटी घेऊन संध्याकाळची एकटी परतायची आणि वाटेने नवऱ्याशी मोठ्याने बोलायची. तक्रार नव्हे, आज काय भावाने घेतले, कोण भेटले, पाय कसे भरून आले. तो तिथे नसायचा.

हे खासगी आहे, कबूल. पण या आठवणीने मला गाण्यात काय दाखवले ते पाहा. या गीतात जिवलग एकदाही उत्तर देत नाही. हाक आहे, हाकेला ओ नाही. साद घालून आवाज थांबतो आणि त्या थांबण्यात कोणी येत नाही. हे माझ्या आत्याने गाण्यात घातलेले नाही. ते शब्दांत होतेच, चालीतही होते. मला ते आत्यामुळे ऐकू आले. आता ज्याला हवे त्याने गीत काढून तपासावे. माझ्या आत्याला न ओळखणाऱ्यालाही ते सापडेल. खासगी अर्थाने गाण्यावर पडदा पडतो म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाची काय व्यवस्था लावायची ते ठरवावे.

राहतो शेवटचा आक्षेप, आणि तो मी गांभीर्याने घेतो. प्रत्येकाचा अर्थ खरा मानला तर कोणताच अर्थ चुकीचा ठरणार नाही. मग समीक्षा संपली. नाही, संपत नाही. श्रोत्याचा अर्थ गाण्यात शेवटपर्यंत टिकला पाहिजे, ही कसोटी मी सोडलेली नाही. शांताबाईंचेच 'तोच चंद्रमा नभात' घ्या. संगीत आणि आवाज सुधीर फडके यांचा. लग्नाच्या वाढदिवसाला, तृप्त प्रेमाचे गीत म्हणून ते हौसेने गायले जाते. तो अर्थ पहिल्या कडव्यांपुरता टिकतो. चंद्र तोच, रात्र तीच, जवळचे माणूस तेच. पण ती जुनी आर्तता मात्र आता नाही, असे गीत पुढे उघड सांगते. तृप्तीचा अर्थ इथे कोसळतो. हा अर्थ खासगी आहे म्हणून मी तो नाकारत नाही. तो गाणे अर्धेच ऐकतो म्हणून नाकारतो.

आणि या गीताची कुळकथा प्रतिपक्षाला फारच अडचणीची आहे. शांताबाईंची प्रेरणा होती शीलाभट्टारिकेच्या नावावर असलेला एक संस्कृत श्लोक. तोच प्रियकर आता पती झाला आहे, चैत्राच्या रात्री त्याच, वारा तोच. तरी मन रेवेच्या काठच्या त्या कुंजाकडेच ओढ घेते. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच तो घेतला तो स्पष्ट अलंकार नसूनही काव्य असते हे दाखवायला. सोळाव्या शतकात पुरीला जगन्नाथाच्या रथापुढे नाचताना चैतन्य महाप्रभू तोच श्लोक म्हणू लागले. हा ऐहिक शृंगार इथे का, हे कोणाला कळेना; 'चैतन्यचरितामृत' सांगते की ते फक्त स्वरूप दामोदराला ठाऊक होते. कुरुक्षेत्रावर कृष्ण भेटला, तरी राधेचे मन यमुनेकाठच्या वनाकडे धावते, हा तो अर्थ. रूप गोस्वामींनी तो ओळखला आणि त्यावर स्वतःचा श्लोक रचला. त्यानंतर काही शतकांनी एका मराठी कवयित्रीने त्याच चांदण्यात उरलेली ओढ नव्हे, तर विझलेली ओढ पाहिली. तिघांनीही शीलाभट्टारिकेचे 'अभिप्रेत' बाजूला सारले. अर्थ पुसून शुद्ध ऐका, हा उपदेश त्यांनी मानला असता तर यांतले काय आपल्या हाती आले असते? स्पष्ट अलंकार नसल्याचे एक उदाहरण.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो विद्वानांच्या ग्रंथांहून जुन्या जागी, जात्यापाशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत छंद तोच, वळण तेच, कितीदा अर्धी ओळही तीच. बाई बदलली की भावाचे नाव बदलते, माहेरचे गाव बदलते, दुःख बदलते. या ओव्यांतला मूळ अर्थ कोणता आणि श्रोतीने नंतर चिकटवलेला कोणता, एवढे एकाच ओवीत तरी प्रतिपक्षाने वेगळे करून दाखवावे.