चासी उलटी केल्यावर

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास शोधायचा, तर पेटीवरचे नाव वाचून भागत नाही. चासी उलटी करून पाहावी लागते. खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या माळ्यावरून गेल्या मे महिन्यात खाली आलेल्या पेटीवर तर नावच नव्हते. घर रिकामे करणे चालू होते. घरमालक, ज्यांना वाडीतले सगळे अंकल म्हणतात, मला म्हणाले, "भावाचा आहे. लग्नात, ख्रिसमसच्या डान्सला वाजवायचा. बघायचा तर आज बघ, उद्या भंगारवाला येतोय."

मी चार स्क्रू काढले. आत पाच व्हॉल्व्ह: एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि एक ईझेड८१. हा संच रेडिओच्या जुन्या जाणकाराला लगेच ओळखता येईल. फिलिप्सच्याच गोतावळ्यातल्या मलर्ड या ब्रिटिश कंपनीने १९५४ मध्ये 'फाइव्ह-टेन' नावाचे सर्किट छापले होते. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून ते नाव. ते होते ग्रामोफोन ऐकण्यासाठी. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात परदेशी अ‍ॅम्प्लिफायर गिरगावातल्या पोराच्या आवाक्यातला नव्हता. मात्र व्हॉल्व्ह बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवू लागली होती आणि सुट्या भागांचा लॅमिंग्टन रोड वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून ग्रामोफोनचे सर्किट गिटारला जुंपले गेले. गंमत म्हणजे, इंग्लंडमध्ये व्हॉक्स कंपनीच्या एसी१५ या खास गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही ईएफ८६ आणि ईएल८४ हेच व्हॉल्व्ह होते.

पण सर्किट म्हणजे कागदावरचा आराखडा. ते प्रत्यक्षात बांधायच्या पद्धती वेगवेगळ्या, आणि माझा खरा विषय तोच आहे.

या पेटीतली पद्धत सर्वांत जुनी. व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या पायांपासून टॅग स्ट्रिपच्या कानांपर्यंत रेझिस्टन्स आणि कंडेन्सर थेट ताणून सोल्डर केलेले. त्या काळचे रेडिओही बहुतेक असेच बांधलेले असत, त्यामुळे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणालाही ती भाषा येत होती. अमेरिकेत लिओ फेंडरने थोडी शिस्त आणली: काळ्या फायबरच्या पट्टीवर धातूच्या छिद्रांत सगळे भाग ओळीने बसवायचे आणि तिथून तारा सॉकेटला न्यायच्या. पट्टी टेबलावर बसून आधीच भरता येते, त्यामुळे कारखान्यात काम झपाट्याने होते. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन अ‍ॅम्प्लिफायरवरून पहिला मार्शल तयार झाला, तोही पट्टीवरच बांधलेला. फेंडरच्या त्या फायबरला एक खोड आहे. ते ओल शोषते, मग पट्टीतूनच थोडी वीज झिरपते आणि अ‍ॅम्प्लिफायर खरखरू लागतो. गिरगावातल्या चार पावसाळ्यांत त्या पट्टीचे काय झाले असते, याचा विचार करताना मला टॅग स्ट्रिपवाल्याचे अडाणीपण फारसे अडाणी वाटेनासे झाले.

तिसरी पद्धत छापील सर्किटची, म्हणजे पीसीबीची. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लरने १९३६ मध्ये असा रेडिओ करून दाखवला. जॉन सारग्रोव्ह या दुसऱ्या इंजिनिअरने १९४७ च्या सुमारास त्याहून धाडसी यंत्र उभे केले. बेकेलाइटच्या पाटीवर धातू फवारून ते मिनिटाला तीन रेडिओंच्या पाट्या तयार करी, आणि तो स्वस्त रेडिओ हिंदुस्थान व चीनच्या बाजारासाठी योजलेला होता. बेत तडीस गेला नाही. गेला असता, तर हाताने तारा जोडणारे आपले रेडिओ मेकॅनिक कदाचित एवढ्या संख्येने घडलेच नसते.

अंकलच्या भावाच्या पेटीत ही तिसरी पद्धतही सापडली! कोपऱ्यात काडेपेटीएवढी तपकिरी पाटी, तिच्यावर दोन बीसी१४८ ट्रान्झिस्टर. तांब्यावरच्या रेषा वाकड्या होत्या. तांब्यावर रंगाने रेषा काढून उरलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवण्याचा घरगुती प्रकार. हे ट्रान्झिस्टर पाहता ही भर मूळ बांधणीनंतरची, बहुधा सत्तरच्या दशकातली. एकाच चासीत दोन जमाने.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका तरुण मेकॅनिकला मी फोटो दाखवले. "सगळं काढून टाका, तयार बोर्ड बसवून देतो, आवाज तोच येईल," असे तो म्हणाला. आवाजाबद्दल त्याचे फार चुकले असे मला वाटत नाही. हाताने जोडलेल्या तारांना काही दैवी गोडवा असतो, हा हौशी लोकांचा समज मला पटत नाही. सर्किट, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचा वाटा कितीतरी मोठा. पीसीबीचा प्रत्येक नग सारखा येतो, हाही गुणच. मात्र व्हॉल्व्हचे सॉकेट थेट पाटीवर बसवले, की उष्णतेने आणि व्हॉल्व्ह काढण्या-घालण्याने तांब्याच्या रेषा उखडतात. टॅग स्ट्रिपवर एक कंडेन्सर गेला तर तेवढाच बदलतो, आणि कोणी काय बदलले ते दिसत राहते. या चासीत मी सोल्डरचे तीन वेगळे हात मोजले.

तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात टॅगशेजारी पेन्सिलीचे आकडे दिसले: २८५, १९०, ७. त्या-त्या जागेचे व्होल्ट. मी अंकलना दाखवले. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "हा सात त्याचाच. मधे आडवी रेघ मारायचा, शाळेत मार खायचा त्याच्यासाठी," ते म्हणाले. म्हणजे हा कोणा मेकॅनिककडून बांधून घेतलेला नव्हता. वाजवणाऱ्यानेच बांधला होता.

भंगारवाल्याला नुसता स्पीकरचा फाटका कोन मिळाला. मी फिल्टरचे दोन कंडेन्सर बदलले, तपकिरी पाटीला हात लावला नाही. चालू केल्यावर २८५ च्या जागी माझ्या मीटरवर ३१० आले. पॉवर व्हॉल्व्ह थकले, करंट कमी ओढू लागले, की व्होल्टेज असे चढते. ३१० हा आकडा मी त्याच टॅगशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.