घ्यायचे माप, द्यायचे माप

धान्य घेताना मोठे माप व देताना लहान माप वापरणाऱ्या व्यापाऱ्याच्या गोष्टी आपण सर्वांनीच लहानपणी ऐकल्या आहेत. शब्दांच्या व्यवहारातही अशी दोन मापे चालतात. गेल्या वीस वर्षांत क्रिकेटच्या समालोचकांच्या तोंडून जे काही उद्गार निघाले व त्यांचा जो निवाडा झाला, त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कचेरीच्या शिस्तीत मुरलेल्या आमच्या वाचकांना हे सहज पटेल की, एकाच कसुराला दोन शिक्षा झाल्या म्हणजे कसुरापेक्षा शिक्षा देणाराच संशयास्पद ठरतो.

प्रारंभ २००६ च्या ऑगस्टपासून करू. कोलंबो येथे दक्षिण आफ्रिका व श्रीलंका यांचा कसोटी सामना चालू होता. हाशिम आमला यांनी कुमार संगकारा यांचा झेल घेतला, तेव्हा डीन जोन्स या ऑस्ट्रेलियन समालोचकाने दाढी राखणाऱ्या त्या धर्मनिष्ठ मुसलमान खेळाडूचा उल्लेख दहशतवादी म्हणून केला. जाहिराती सुरू झाल्या असून आपला आवाज बाहेर जात नाही, अशी जोन्स यांची समजूत होती. परंतु दक्षिण आफ्रिकेत तो शब्द घरोघर ऐकू गेला. त्यांनी क्षमा मागितली, तरीही टेन स्पोर्ट्स या वाहिनीने त्यांना तत्काळ दूर केले. ते पुढे समालोचनात परतले, आणि २०२० च्या सप्टेंबरात आयपीएलच्या समालोचनासाठी मुंबईत असतानाच त्यांचे निधन झाले.

दुसरा प्रसंग २०१८ च्या डिसेंबरातील. मेलबर्न येथे मयंक अगरवाल यांनी पदार्पणातच ७६ धावा केल्या. त्यांच्या रणजी स्पर्धेतील त्रिशतकाचा विषय निघताच केरी ओकीफ म्हणाले की, ते रेल्वेच्या उपाहारगृहातील नोकरांविरुद्ध काढलेले असावे. वस्तुतः नाबाद ३०४ धावांची ती खेळी २०१७ साली पुण्यात महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध झाली होती! ओकीफ यांनी अनावृत पत्र लिहून क्षमा मागितली व ते आपल्या जागी राहिले. आमच्याकडे संताप उसळला तो योग्यच होता. पण मनाशी प्रामाणिक राहून विचारावयाचे, तर त्या संतापात आमची तुलना भांडी घासणाऱ्यांशी झाली याचाही राग नव्हता काय?

तिसरा प्रसंग २०२४ च्या डिसेंबरात ब्रिस्बेन येथे घडला. जसप्रीत बुमरा यांचा गौरव करू पाहणाऱ्या ईशा गुहा यांच्या तोंडून वानरकुळाचा वाचक असा शब्द निघून गेला. हेतू स्तुतीचा होता. परंतु वर्णद्वेषाच्या इतिहासाने तो शब्द कलंकित केलेला आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सर्वांसमक्ष क्षमा मागितली. शेजारी बसलेल्या रवी शास्त्री यांनी त्यांच्या धैर्याची प्रशंसा केली, आणि प्रकरण तेथेच मिटले. आमच्या मते हा निवाडा उचित झाला.

आता दुसरी बाजू. २००७ च्या ऑक्टोबरात अँड्र्यू सायमंड्स यांना पाहून माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक मुंबईच्याच वानखेडे मैदानावर बसले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, सिडनी येथे सायमंड्स यांना माकड म्हटल्याचा आरोप हरभजन सिंग यांच्यावर आला. तीन कसोटींची बंदी झाली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध न झाल्याने ती उठवली व अपशब्दांबद्दल केवळ दंड ठेवला. त्या काळात आपला देश एका आवाजात म्हणत होता, ‘वर्णद्वेष सोसलेले आम्ही, आम्ही वर्णद्वेषी कसे असू?’ पुढे मार्च २०२५ मध्ये हेच हरभजन सिंग हैदराबादच्या सामन्यात समालोचन करीत होते. कृष्णवर्णीय गोलंदाज जोफ्रा आर्चर यांनी चार षटकांत ७६ धावा दिल्या, तेव्हा त्यांनी लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या मीटरची उपमा दिली. त्यांना दूर करण्याची मागणी झाली. परंतु ते समालोचन करीतच राहिले. लंडनची टॅक्सी काळी असतेच, हा बचाव पुष्कळांना पुरेसा वाटला. हाच विनोद एखाद्या इंग्रजाने आपल्या गोलंदाजावर केला असता, तर तो बचाव आम्ही ऐकून घेतला असता काय?

‘आम्ही असे नाही’ म्हणणाऱ्यांनी पुण्याचा इतिहास आठवावा. पळवणकर बाळू यांच्या फिरकीवाचून गोऱ्यांना हरवता येत नाही, हे ओळखून तेथील हिंदू मंडळींनी त्यांना संघात घेतले. मात्र चहाची वेळ झाली की, चर्मकार कुळात जन्मलेल्या बाळूंना तो मंडपाबाहेर, मातीच्या पात्रात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. गोऱ्यांच्या क्लबांच्या दारावरील भेदभाव ज्यांना बोचत होता, त्यांनाच आपल्या दारातील हा भेद दिसत नव्हता.

प्रत्येक प्रसंगी शिक्षा एकच असावी, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न मात्र तेच असावेत: शब्द कोणता, त्यामागे इतिहास कोणता, तो कोणाला लागला, आणि बोलणाऱ्याने तो उघडपणे मागे घेतला की नाही. बोलणारा कोणत्या देशाचा, हा प्रश्न त्यांत बसत नाही.

हे परक्या मुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना अधिक कळावे. आमच्या उच्चारांची वा आडनावांची कोणी टवाळी केली तर ती आम्ही वर्षानुवर्षे विसरत नाही. पण त्याच सायंकाळी, चार मराठी कुटुंबे एकत्र जमली असता, दक्षिणेकडील शेजाऱ्याला किंवा ईशान्येकडून आलेल्या सहकाऱ्याला आम्ही कोणत्या नावाने संबोधतो? तेथे ध्वनिक्षेपक नसतो आणि क्षमा मागण्याचा प्रसंगही येत नाही. जोन्स यांचीही समजूत तीच होती की, आपले बोलणे बाहेर कोणी ऐकत नाही.