थंडीचा पत्ता

दिवाळी अंकात बुरशीचे गुणगान करणे म्हणजे फराळाच्या ताटाचा उपमर्दच. तथापि मी ज्या बुरशीविषयी लिहितो आहे, ती आपल्या चकलीच्या डब्यात शिरणारी नव्हे. गोठणबिंदूलगतच्या समुद्रात राहणारी आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या, मे महिन्यात चाळीस अंश ओलांडणाऱ्या गावी बसून या थंडीचा इतिहास चाळताना मला एक गोष्ट पटली: नावावरून स्वभाव ओळखू नये.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती विकरे, म्हणजे एन्झाइमे, बाहेर सोडते. ती अन्न फोडतात आणि मग बुरशी ते शोषून घेते. थंडीत मात्र रेणूंची हालचाल मंदावते. आमच्या पाणचक्कीचाच दाखला घ्या. पाण्याचा लोट जोराचा असेल तर जड जातेही फिरते. धार बारीक झाली की ते हलके, सैल बसवलेले हवे. थंडीत रुळलेले विकर असेच सैल बांधणीचे असते. त्याची किंमतही त्याला मोजावी लागते: उष्णता वाढली की त्याची घडी विस्कटते.

1969 साली जपानी शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील व्हान्डा सरोवराच्या गाळातल्या एका यीस्टचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ते ‘कॅन्डिडा अंटार्क्टिका’ या नावाने गाजले आणि त्याची चरबी फोडणारी विकरे कारखान्यांत पोहोचली. नाव ऐकून कोणीही त्यांना थंडीची समजेल. वस्तुतः ती साठ अंश सेल्सिअसलाही निमूटपणे राबतात! गंमत अशी की, व्हान्डावर बर्फाचे झाकण असले तरी त्याच्या तळाचे खारट पाणी सुमारे 25 अंश उबदार आहे.

आपल्या ध्रुवीय मोहिमांचा इतिहास गोव्यात सुरू होतो. 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची तुकडी मुरगाव बंदरातून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. कासिम यांनी त्यापूर्वी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद भूषवले होते. त्याच संस्थेतील चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ध्रुवापासून दूर, हिंदी महासागराच्या मध्यभागी, सुमारे 5000 मीटर खोलीच्या गाळातून बुरशी वाढवली. तिथे थंडी आली कोठून? अंटार्क्टिकाभोवती समुद्र गोठताना मीठ पाण्यात मागे राहते. ते जड, गार पाणी तळाशी बुडते आणि संथपणे उत्तरेकडे सरकते. म्हणून वर ऊन तळपत असताना खाली दक्षिण ध्रुवाचाच गारवा असतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशाच एका ॲस्परजिलस बुरशीचे विकर आहे. ते प्रथिने फोडते आणि 2 अंशांवरही थोडेफार काम करते. भरात येते मात्र 45 अंशांच्या सुमारास. म्हणजे ते थंडी सोसणारे, थंडीचे वेडे नव्हे.

याचे आपल्या संसारात काय मोल? कपडे धुण्याच्या पावडरीत प्रथिने फोडणारी विकरे घालतात. ती थंड पाण्यात डाग काढू लागली, तर पाणी तापवण्याचे इंधन वाचते.

परंतु घाई हवी. अंटार्क्टिकाहून येणारे हे तळपाणी गेल्या काही दशकांत उबदार होत चालले आहे आणि त्याचा साठाही आटतो आहे, असे मोजमापांत दिसून आले आहे. तो गाळ गार आहे तोवरच त्यातल्या रहिवाशांची नोंद करून ठेवली पाहिजे.