कांजिण्यांचा तिसरा दिवस

विदर्भातलं तालुक्याचं गाव, एप्रिल, पारा ४३ वर. पोरगं अडीच वर्षांचं, वजन ११ किलो. ते काल्पनिक आहे. त्याच्या घरात जे घडतं ते मात्र खऱ्या घरांतलं.

सकाळी ८. अंगावर नवे फोड, ताप १०२. आजी बजावते, "माता आहे, वारा लागू देऊ नका." कूलर बंद, अंगावर गोधडी, उशाशी कडुनिंबाचा पाला. पाल्याने काही बिघडत नाही. गोधडीने बिघडतं.

११ वाजता. गडद पिवळी, थोडीशी लघवी. दूध पुढे केलं की तोंड फिरवतं. टाळ्याला फोड फुटलेत, पण तोंडात कुणी पाहिलेलंच नाही. ताकद यावी म्हणून संत्र्याचा रस पाजला. तो असा झोंबला की पोरगं आता पाण्याची वाटी पाहूनही रडतं. या वजनाला साध्या दिवशीसुद्धा लिटरभर द्रव लागतं. गार ताक, पातळ पेज चमच्याचमच्याने गेली असती.

दुपारी ३. ताप १०३. आजोबा आपली ॲस्पिरिन काढतात. मामा हात धरतो, म्हणून निदान ते टळलं. कांजिण्यांत ॲस्पिरिनने यकृत आणि मेंदूवर घाला पडू शकतो. आयब्युप्रोफेनही नको. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे इथे १६५. बाटली ५ मिलीत १२५ची. अंदाजाने अर्धा चमचा दिला, म्हणजे जेमतेम ६०. ताप हलत नाही.

संध्याकाळी ७. लंगोट आठ तास कोरडा. "बरं झालं, धुणं वाचलं," कुणीतरी म्हणतं. दवाखाना गाठायची वेळ हीच होती. ताप सगळे मोजत होते, लघवी कुणीच नाही.

रात्री ११. रडतंय, पण डोळ्यांत टिपूस नाही, जीभ चिकट. मामा ओआरएस आणतो. पाकीट १ लिटरचं, कालवलं ग्लासभर पाण्यात. असं घट्ट द्रावण तर अपायच करतं. नशीब, पोरगं थुंकून टाकतं. पूर्ण लिटरभर पाण्यात कालवून, मिनिटा-दोन मिनिटांनी चमचा देत, चार तासांत ८०० मिली पोटात जायला हवं होतं.

पहाटे ३. रडणं थांबलं. "लागला डोळा," म्हणून घर निजतं. हातपाय गार पडलेत.

सकाळी ६. ग्रामीण रुग्णालय. डोळे खोल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी. सिस्टर तीन जागी टोचतात, शीर मिळत नाही. डॉक्टर नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन सोडतात आणि विचारतात, शेवटची लघवी कधी? आई म्हणते, काल दुपारी. आजी म्हणते, रात्री. १०८ला फोन गेलाय. जिल्हा रुग्णालय दीड तासावर.